लपून निघालेली जहाजं आणि त्यांच्या मागावरचा कॅमेरा

ज्यू निर्वासितांच्या चोरट्या प्रवासावरचा एखादा चित्रपट पहिल्यांदा पाहताना आपण एका जागी हमखास अडखळतो. महायुद्ध संपलेलं असतं, हिटलर मेलेला असतो, छळछावण्यांची दारं उघडलेली असतात. मग १९४६-४७ साली ही माणसं रात्रीच्या अंधारात, खोट्या कागदांवर, मोडकळीला आलेल्या जहाजाच्या तळाशी दाटीवाटीनं बसून कुठे चालली आहेत? आणि त्यांना अडवणारे सैनिक ब्रिटिश कसे? हिटलरला हरवणाऱ्यांत तर तेही होते.

हे चित्रपट ज्यांच्यासाठी काढले गेले त्या प्रेक्षकांना हा इतिहास माहीत होता, त्यामुळे पडद्यावर त्याचा फारसा खुलासा होत नाही. आपल्याकडे शाळेत दुसरं महायुद्ध शिकवतात, पण हा धडा त्यात नसतो. म्हणून आधी हा गुंता सोडवू आणि मग चित्रपटांकडे वळू.

पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइनचा कारभार राष्ट्रसंघाच्या मँडेटखाली, म्हणजे सोपवलेल्या अधिकारानं, ब्रिटनकडे आला. १९१७च्या बाल्फर जाहीरनाम्यात ब्रिटननं तिथे ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभारायला पाठिंबा दिला होता. तिथल्या बिगरज्यू रहिवाशांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही, असंही त्याच जाहीरनाम्यात लिहिलं होतं. हे बिगरज्यू रहिवासी, म्हणजे मुख्यतः अरब, तेव्हा तिथे मोठ्या बहुसंख्येनं होते. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि येणाऱ्या ज्यूंची संख्या झपाट्यानं वाढली. आपल्याच भूमीत आपण अल्पसंख्य होऊ, या धास्तीतून १९३६ ते १९३९ अरबांचा मोठा उठाव झाला. ब्रिटननं तो चिरडला, पण दुसरं युद्ध तोंडावर असताना अरब देशांना दुखवणं त्यांना परवडणारं नव्हतं. मे १९३९मध्ये त्यांनी श्वेतपत्रिका काढली. पुढच्या पाच वर्षांत मिळून ७५,००० ज्यूंना प्रवेश मिळेल, त्यानंतर अरबांच्या संमतीशिवाय एकालाही नाही.

या पाच वर्षांत युरोपात काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. साठ लाख माणसं मारली गेली. इतर देशांची दारंही जवळजवळ बंदच होती. १९३८ साली फ्रान्समधल्या एव्हियां गावी ३२ देशांची परिषद भरली, सहानुभूतीची भाषणं झाली, आणि बहुतेक देश होते तिथेच राहिले.

ज्यूंना प्रवेशाचं प्रमाणपत्र नसताना पॅलेस्टाइनला पोहोचवण्याची जी चळवळ उभी राहिली ती ‘आलिया बेत’ या नावानं ओळखली जाते. ‘वेलोस’ हे पहिलं जहाज १९३४ साली ग्रीसहून सुमारे ३५० जणांना घेऊन निघालं. युद्ध जवळ येत गेलं तशी या कामाला वेगळी संघटना मिळाली, ‘मोसाद लेआलिया बेत’. आज बातम्यांत जी मोसाद दिसते ती गुप्तहेर संस्था नंतरची आणि वेगळी.

युद्ध संपल्यावर वाचलेले ज्यू जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीतल्या निर्वासित छावण्यांत गोळा झाले. घरी परत जा, असं म्हणणं सोपं होतं. पोलंडमधल्या किएल्त्से गावात ४ जुलै १९४६ला जमावानं ४२ ज्यूंना ठार मारलं. युद्ध संपून वर्ष झाल्यावरची ही गोष्ट आहे. त्यानंतर पोलंडमधून ज्यूंचे लोंढेच निघाले. अमेरिकेत प्रवेशाचा कोटा अपुरा होता. एक लाख लोकांना पॅलेस्टाइनमध्ये येऊ द्या, अशी मागणी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी केली, पण ब्रिटननं ती मानली नाही. मग पोलंडहून चेकोस्लोव्हाकिया, तिथून ऑस्ट्रिया, आल्प्सच्या खिंडी पायी ओलांडून इटली, आणि इटलीच्या किंवा फ्रान्सच्या एखाद्या बंदरात भंगारात काढायच्या लायकीचं जहाज. या प्रवासातले जमिनीवरचे टप्पे सांभाळणाऱ्या संघटनेचं नाव ‘ब्रिखा’.

आता माझा मुद्दा. या प्रवासाचे दोन भाग होते आणि त्यांचे नियम अगदी उलटे होते. युरोपातून बंदरापर्यंतचा पहिला भाग कुणाच्याही नजरेला पडता कामा नये. जहाजावर पनामाचा किंवा होंडुरासचा झेंडा, प्रवाशांच्या हाती दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्यातरी देशाचा व्हिसा. पण पॅलेस्टाइनचा किनारा जवळ आला आणि ब्रिटिश युद्धनौकांनी घेरलं की सगळंच उलटं व्हायचं. जहाजाचं नवं हिब्रू नाव झळकायचं, निळा-पांढरा झेंडा वर चढायचा, रेडिओवरून आवाहनं सुरू व्हायची. आता जगानं पाहायला हवं होतं. १९४५ ते १९४८ या काळात साठहून जास्त जहाजांतून सुमारे ७०,००० लोक निघाले आणि त्यांतली बहुतेक जहाजं पकडली गेली. उतरलेल्यांचे आकडे पाहिले तर मोहीम फसत होती. तरी ती चालू राहिली, कारण पकडलं जाणं हेही आता एक काम झालं होतं. छळछावणीतून वाचलेल्या बाईला ब्रिटिश सैनिक ओढून नेतो आहे, या एका छायाचित्रानं लंडनच्या सरकारवर जो दबाव यायचा तो शंभर निवेदनांनी येत नव्हता.

म्हणून या चित्रपटांत कॅमेरा हा नंतर येऊन गोष्ट सांगणारा पाहुणा नाही, तो मूळ प्रवासातच होता. आणि म्हणूनच त्यांची पारख करताना मी एक गोष्ट पाहतो. हा कॅमेरा किती वेळ डेकवर नायकाजवळ उभा आहे, आणि किती वेळ खाली, जहाजाच्या तळाशी, माणसांत बसला आहे?

खरं जहाज, खरे प्रवासी

सर्वात आधीचा आणि माझ्या मते सर्वात धाडसी प्रयत्न अमेरिकन लेखक मेयर लेव्हिन यांचा. ‘द इल्लिगल्स’ हा त्यांचा चित्रपट १९४७ साली चित्रित झाला, तोही मोहीम चालू असतानाच. कथा एका तरुण जोडप्याची आहे, पण मुख्य भूमिका सोडल्या तर पडद्यावर दिसणारी माणसं खरीखुरी निर्वासित आहेत, वाट खरी आहे आणि शेवटी येणारं जहाजही खरं आहे. नायिका झालेल्या तेरेस्का तोरेस स्वतः लेखिका होत्या. त्यांचं जहाज डिसेंबर १९४७मध्ये ब्रिटिशांनी अडवलं, त्यातल्या प्रवाशांना सायप्रस या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बेटावरच्या छावण्यांत पाठवलं, आणि हे सगळं चित्रपटात आहे. अभिनय मध्येमध्ये अवघडलेला आहे, संवाद ताठ आहेत. पण गठुडी खांद्यावर घेऊन रात्री ओळीनं चालणारी ती माणसं पाहताना लक्षात येतं की हे दृश्य पुन्हा कुणालाही उभं करता येणार नाही.

जवळपास त्याच सुमारास जर्मनीतल्या लांड्सबर्गच्या निर्वासित छावणीच्या परिसरात ‘लांग इस्त देर वेग’ हा चित्रपट तयार झाला. त्यात यिद्दिश, पोलिश आणि जर्मन अशा तिन्ही भाषा बोलल्या जातात. त्याला समुद्र लागतच नाही. छावणीत अडकून पडलेल्यांचं वाट पाहणं हा त्याचा एक महत्त्वाचा विषय. प्रवासाच्या गोष्टीत वाट पाहण्याचा वाटा किती मोठा असतो हे समजायला तो पाहावा. १९४९ साली हॉलिवूडनं ‘सोर्ड इन द डेझर्ट’ काढला. पैशासाठी निर्वासितांना किनाऱ्यावर सोडणारा एक अमेरिकन कप्तान हळूहळू त्यांच्या बाजूला कसा ओढला जातो, अशी ती कथा. ब्रिटिश सैनिक त्यात खलनायक असल्यामुळे लंडनमध्ये त्याला विरोध झाला. चित्रपट म्हणून तो साधारणच आहे.

एक्सोडस: जहाज आणि चित्रपट

या विषयावरचा सर्वात गाजलेला चित्रपट म्हणजे ऑटो प्रेमिंजर यांचा १९६० सालचा ‘एक्सोडस’. लिऑन युरिस यांच्या १९५८च्या कादंबरीवर बेतलेला, पॉल न्यूमन नायक. अनेकांना खरी घटना माहीत असते ती याच चित्रपटातून, आणि इथेच मोठा घोळ होतो. म्हणून जरा थांबून दोन्ही गोष्टी वेगळ्या करू.

खरं जहाज ‘प्रेसिडेंट वॉरफिल्ड’, ज्याला पुढे ‘एक्सोडस १९४७’ हे नाव दिलं गेलं. १९२८ साली बांधलेलं, अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत बॉल्टिमोर ते नॉरफोक असं रात्रीची ये-जा करणारं. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आपल्या जुन्या आगबोटी आठवा, त्याच जातीचं. खोल समुद्रासाठी ते कधीच नव्हतं. काहीशे प्रवाशांच्या या बोटीत ११ जुलै १९४७ला फ्रान्सच्या सेत बंदरातून ४,५००हून जास्त माणसं चढली. झोपायला फळ्यांचे एकावर एक कप्पे. प्रवाशांच्या कागदांवर कोलंबियाचे व्हिसा होते. सात दिवसांनी, १८ जुलैच्या पहाटे, पॅलेस्टाइनच्या सागरी हद्दीबाहेरच ब्रिटिश विनाशिकांनी दोन्ही बाजूंनी धडका दिल्या आणि सैनिक वर चढले. प्रवाशांकडे हत्यारं म्हणून बटाटे आणि खाण्याचे बंद डबे होते. तेच त्यांनी फेकून मारले. बिल बर्नस्टाइन हा अमेरिकन खलाशी आणि दोन प्रवासी मारले गेले, कितीतरी जण जखमी झाले.

जहाज हैफा बंदरात ओढत आणलं गेलं, तेव्हा पॅलेस्टाइन प्रश्नावर नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे अध्यक्ष एमिल सँडस्ट्रॉम धक्क्यावर उभे राहून पाहत होते. अकरा देशांच्या या समितीत भारतही होता. भारताचे प्रतिनिधी होते सर अब्दुर रहमान. फाळणीऐवजी एक संघराज्य करावं, असं म्हणणाऱ्या अल्पमतातल्या तीन देशांत (भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया) ते होते. ज्या महिन्यांत आपल्याकडे फाळणीची तयारी चालली होती त्याच महिन्यांत तिकडे हे चाललं होतं.

ब्रिटननं या वेळी प्रवाशांना सायप्रसला न नेता तीन जहाजांत घालून थेट फ्रान्सला परत पाठवलं. पोर्त-द-बूक बंदराबाहेर ती जहाजं ऑगस्टच्या उन्हात तीन आठवडे उभी राहिली आणि जवळजवळ कुणीच उतरलं नाही. ‘रनीमीड पार्क’ या जहाजाच्या डेकवर पिंजऱ्यासारखं जाळीचं कुंपण होतं. आतल्या माणसांनी ब्रिटनच्या झेंड्यावर स्वस्तिकाचं नाझी चिन्ह रंगवून तो वर उभारला. पत्रकार रूथ ग्रुबर यांनी टिपलेलं ते छायाचित्र जगभर गेलं. शेवटी सप्टेंबरमध्ये ही जहाजं हॅम्बर्गला नेण्यात आली. छळछावण्यांतून वाचलेल्यांना लाठ्यांचा मार देत पुन्हा जर्मनीच्या भूमीवर उतरवलं गेलं आणि ल्युबेकजवळच्या छावण्यांत कोंडलं गेलं.

आता चित्रपट पाहा. त्यातलं जहाज सायप्रसहून निघतं. नायक आरी बेन कनान ब्रिटिश कप्तानाच्या गणवेशात छावणीतून ६११ माणसं ट्रकमध्ये घालून बाहेर काढतो. जहाज बंदरातच अडवलं जातं. प्रवासी उपोषण करतात, जहाज डायनामाइटनं उडवून देऊ अशी धमकी दिली जाते, आणि शेवटी ब्रिटिश नमतं घेतात. जहाज पॅलेस्टाइनला पोहोचतं.

खऱ्या एक्सोडसच्या बाबतीत यातलं काहीच घडलं नाही. उपोषण झालं होतं ते १९४६च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या ला स्पेत्सिया बंदरात, वेगळ्या जहाजांवरच्या १,०१४ प्रवाशांचं, आणि त्यांना खरंच प्रवेश मिळाला होता. तो प्रसंग, एक्सोडसचं नाव आणि सायप्रसची छावणी, या तिन्हींची सांगड कादंबरीनं घातली आणि चित्रपटानं ती उचलली. पुढे किंग डेव्हिड हॉटेलातला स्फोटही येतो. तो खरं तर जहाजाच्या वर्षभर आधीचा, जुलै १९४६चा.

कथापटानं तारखा बदलल्या म्हणून मी त्याला दोष देणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. खरी घटना हरण्याची होती आणि तिचं बळ त्या हरण्यातच होतं. चार हजारांवर माणसं पोहोचली नाहीत, आणि त्या न पोहोचण्यानं जगाचं मत हललं. चित्रपटाला विजय हवा होता, म्हणून प्रवाशांच्या तीन आठवड्यांच्या हट्टाची जागा एका देखण्या पुढाऱ्याच्या हिकमतीनं घेतली. कॅमेरा डेकवर आला तो तिथेच राहिला.

तरीही यात एक प्रसंग आहे ज्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. ब्रिटिश मेजर कॉल्डवेल बढाई मारतो की ज्यू माणूस मला पाहताक्षणी ओळखू येतो. समोर गणवेशातला आरी उभा आहे. तो म्हणतो, माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय, जरा बघता का? मेजर अगदी जवळ येऊन त्याच्या डोळ्यात डोकावतो आणि त्याला काहीच दिसत नाही. वंशद्वेषाचा पोकळपणा या एका क्लोजअपमध्ये येतो. पटकथा डाल्टन ट्रम्बो यांची. हॉलिवूडनं कम्युनिस्ट ठरवून त्यांना काळ्या यादीत टाकलं होतं आणि कित्येक वर्षं ते टोपणनावांनी लिहीत होते. प्रेमिंजरनी त्यांचं नाव उघडपणे पडद्यावर दिलं. लपून राहणं म्हणजे काय हे त्या लेखकाला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

ज्यांची गोष्ट पडद्याला पेलत नाही

‘स्ट्रुमा’ हे जहाज डिसेंबर १९४१मध्ये रुमानियातल्या कॉन्स्टान्त्सा बंदरातून निघालं. १८६७ साली बांधलेली बोट, आणि तिच्यात सुमारे ७८० प्रवासी. इंजिन वारंवार बंद पडत ते इस्तंबूलला पोहोचलं आणि तिथे दोन महिन्यांहून जास्त काळ तसंच उभं राहिलं. ब्रिटन प्रवेश देईना, तुर्कस्तान उतरू देईना. २३ फेब्रुवारी १९४२ला तुर्की अधिकाऱ्यांनी ते इंजिन बंद असतानाच काळ्या समुद्रात ओढून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोनं ते बुडालं. एकच माणूस वाचला, डेव्हिड स्टोलियार. समुद्रतळाशी या जहाजाचा शोध घेणाऱ्या मोहिमेवर सिमखा जेकबोविची यांनी २००१ साली माहितीपट केला. कथापटासाठी मात्र ही गोष्ट फार अवघड आहे. तिच्यात नायक नाही, पोहोचणं नाही, आणि गुन्हेगार कोण म्हणाल तर चार देश.

‘पात्रिया’ची गोष्टही अशीच. नोव्हेंबर १९४०मध्ये हैफा बंदरात हे जहाज सुमारे १,८०० निर्वासितांना घेऊन मॉरिशसला हद्दपारीवर निघणार होतं. त्याचा प्रवास रोखायला हगाना या ज्यू भूमिगत संघटनेनंच बॉम्ब ठेवला. जहाज नुसतं निकामी व्हायचं होतं, पण ते बुडालं आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. ज्यांना वाचवायचं तीच. त्याच सुमारास ‘अटलांटिक’ जहाजातल्या सुमारे १,५८० जणांना मॉरिशसच्या बो बासां तुरुंगात नेऊन ठेवलं, ते १९४५पर्यंत. मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली मराठी वस्ती आठवते. त्याच बेटावर या माणसांनी साडेचार वर्षं काढली, आणि शंभरहून जास्त जण तिथल्याच मातीत पुरले गेले.

डॅन्यूबवरचा कप्तान

या विषयावरचा एकच चित्रपट पाहणार असाल तर पेतेर फोर्गाच या हंगेरियन दिग्दर्शकाचा ‘द डॅन्यूब एक्सोडस’ पाहा. १९९८चा, तासाभराचा, आणि यातलं बहुतेक चित्रण फोर्गाचनी केलेलंच नाही. ते आहे नांदोर आंद्राशोविट्स या कप्तानाचं. तो डॅन्यूब नदीवर ‘एर्जेबेट किराय्नो’ नावाची प्रवासी बोट चालवायचा आणि हौसेनं लहान कॅमेऱ्यावर चित्रण करायचा. १९३९च्या उन्हाळ्यात व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हाचे ज्यू त्याच्या बोटीतून काळ्या समुद्राकडे निघाले, तेव्हाही त्यानं कॅमेरा बाहेर काढला.

त्यात काय दिसतं? माणसं उन्हात बसलेली. प्रार्थनेची शाल खांद्यावर घेतलेले म्हातारे. तरुण मुली केस विंचरताहेत, कुणी नाचतंय, कुणी नुसतं काठाकडे बघतंय. भीती फारशी दिसत नाही, कारण घरगुती कॅमेऱ्यासमोर माणूस हसतोच. नदीच्या मुखाशी ही माणसं समुद्री जहाजावर चढतात आणि कप्तान मागे फिरतो.

वर्षभरानं तीच बोट, तोच कप्तान, तोच कॅमेरा. या वेळी प्रवासी आहेत बेसारेबियातले, म्हणजे मुख्यतः आजच्या मोल्दोव्हाच्या परिसरातले, जर्मन शेतकरी. १९४० साली तो प्रदेश सोव्हिएत रशियानं घेतला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती केलेल्या या लोकांना हिटलरच्या सरकारनं ‘घरी’ बोलावलं. त्यांतल्या अनेकांना मग पोलंडमध्ये, तिथल्या लोकांना हुसकावून रिकाम्या केलेल्या घरांत वसवलं गेलं. फोर्गाच ही दोन चित्रणं एकापुढे एक ठेवतो. दोघांचं दुःख सारखं आहे असा दावा तो करत नाही. एका बोटीतल्यांना मारण्यासाठी हुसकावलं जातंय आणि दुसऱ्या बोटीतल्यांना मारणाऱ्यांच्या बाजूनं बोलावलं जातंय, हे आपल्याला माहीत असतं. पण डेकवर वाळत घातलेले कपडे दोन्हीकडे सारखेच दिसतात. इथे नायक नाही आणि कथानकही नाही. कॅमेरा सतत माणसांत आहे, कारण तो अशा एका माणसाच्या हातात आहे ज्याला काही सिद्धच करायचं नव्हतं.

उतरल्यावर

जुने चित्रपट किनाऱ्यावर पाय टेकवून थांबायचे किंवा तिथून युद्धाच्या गोष्टीकडे वळायचे. इस्रायली दिग्दर्शक आमोस गिताई यांच्या ‘केदमा’ची (२००२) खरी सुरुवातच किनाऱ्यावर होते. मे १९४८, इस्रायलची स्थापना होण्याच्या काही दिवस आधी. पहिली काही मिनिटं जहाजावर जातात. तळाशी अंगाला अंग लावून पडलेली माणसं, मग शिडीनं वर डेकवर, तिथेही तशीच माणसं, आणि हे सगळं सावकाश, जवळजवळ न बोलता. नंतर किनारा, ब्रिटिश सैनिक, पळापळ, आणि थोड्याच वेळात छावणीतून वाचलेल्या या माणसांच्या हातात बंदुका. लढायला शिकवायलाही कुणाला सवड नाही.

वाटेत त्यांना समोरून येणारी माणसं भेटतात. गाढवांवर सामान लादून गाव सोडून निघालेले पॅलेस्टिनी अरब. एकमेकांची भाषा कुणालाच कळत नाही. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले, आणि त्यांतले बहुतेक जण किंवा त्यांची मुलं-नातवंडं परतू शकलेली नाहीत. ‘एक्सोडस’मध्ये अरब बाजू म्हणजे नायकाचा एक भला मित्र, जो शेवटी मारला जातो. ‘केदमा’त एक अरब शेतकरी आपला संताप स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवतो, आणि त्याच चित्रपटात एक निर्वासित ज्यू आपल्या इतिहासाच्या ओझ्याखाली कोसळतो. दोघांची स्वगतं लांबलचक आहेत. नाटकी वाटतात अशी तक्रार होते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण ज्या समुद्रप्रवासाबद्दल आपण तासभर हळहळतो त्याच्या दुसऱ्या टोकाला आधीपासून कुणीतरी राहत होतं, हे न दाखवणारा चित्रपट मला आता अपुरा वाटतो. जहाजातली माणसं निराधार होती हे खरं आहे आणि या शेतकऱ्याचं गाव गेलं हेही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

सुदानची वाट

असे चोरटे प्रवास १९४८ला संपले नाहीत. मोरोक्कोहून लपून निघालेली ‘एगोझ’ ही बोट जानेवारी १९६१मध्ये बुडाली आणि चाळीसहून जास्त ज्यू मरण पावले. १९८०च्या दशकात इथिओपियातले ज्यू शेकडो किलोमीटर पायी चालत सुदानच्या निर्वासित छावण्यांत पोहोचत होते. सुदानचे इस्रायलशी संबंध शत्रुत्वाचे, त्यामुळे आपण ज्यू आहोत हे तिथे कळू देऊन चालत नसे. वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसं भूक आणि रोगराईनं मेली. नोव्हेंबर १९८४ ते जानेवारी १९८५ या काळात ‘ऑपरेशन मोझेस’ नावाच्या गुप्त मोहिमेत हजारोंना विमानांनी युरोपमार्गे इस्रायलला नेलं. बातमी फुटली आणि मोहीम बंद पडली. इथे जगाला दिसणं म्हणजे सगळं संपणं होतं, १९४७च्या अगदी उलट.

त्याआधी मोसादनं, या वेळी गुप्तहेर संस्थाच, सुदानच्या तांबड्या समुद्रकिनाऱ्यावरचं अरूस हे ओस पडलेलं पर्यटनस्थळ भाड्यानं घेतलं होतं. दिवसा खरेखुरे पर्यटक पाण्यात बुड्या मारायचे, रात्री तिथून निर्वासितांना नौदलाच्या बोटींपर्यंत पोहोचवलं जायचं. यावर २०१९ साली ‘द रेड सी डायव्हिंग रिसॉर्ट’ आला. गोष्ट इतकी विलक्षण आहे की चित्रपट कंटाळवाणा होणं शक्यच नव्हतं, पण पुन्हा तेच झालं. इथिओपियन माणसं मागे, धूसर, आणि पुढे गोऱ्या नायकाचे पिळदार दंड. शेकडो किलोमीटर कोण चाललं होतं?

याचं उत्तर राडू मिहाइलेआनू यांचा ‘लिव्ह अँड बिकम’ (२००५) देतो. सुदानच्या छावणीत एक ख्रिस्ती आई आपल्या मुलाला जगवण्यासाठी ज्यूंच्या रांगेत ढकलते. जिचं स्वतःचं मूल नुकतंच गेलं आहे अशी एक ज्यू बाई त्याला आपला म्हणून नेते. आता त्याला जन्मभर लपवायचं आहे, आणि तेही स्वतःचं मूळ. इस्रायलमध्ये पहिल्यांदा शॉवरखाली उभं केल्यावर पाणी मोरीतून वाहून जाताना पाहून हा मुलगा कासावीस होतो आणि ते थांबवू पाहतो. दुष्काळ म्हणजे काय हे सांगायला त्या दिग्दर्शकानं एकही आकडा वापरलेला नाही. पुढे, तुम्ही खरे ज्यू आहात का, असा प्रश्न इथिओपियनांना धर्मपीठाकडून विचारला जातो आणि लोक रस्त्यावर उतरतात. तेही चित्रपटात आहे.

हा प्रश्न मराठी बोलणाऱ्या ज्यूंनाही विचारला गेला होता. कोकणातले, ठाण्या-मुंबईतले बेने इस्रायल लपूनछपून गेले नाहीत. इथे त्यांना पळून जायची वेळ कुणी आणलीच नव्हती, ते १९४८ नंतर उघडपणे गेले. पण पोहोचल्यावर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, लग्न लावताना त्यांच्या ज्यू असण्याबद्दल शंका घेतली गेली. त्यांनी आंदोलन केलं. ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. आपल्याकडची एखादी बेने इस्रायल आजी ‘लिव्ह अँड बिकम’ पाहील तर तिला त्यातला अर्धा भाग नवा वाटणार नाही.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी ‘द डॅन्यूब एक्सोडस’ आधी सांगतो, मग ‘एक्सोडस’, आणि त्याच्या लगेच पाठोपाठ ‘केदमा’. ‘लिव्ह अँड बिकम’ला मोकळा दिवस द्या, तो अडीच तासांच्या आसपास जातो. ‘एक्सोडस’ जवळजवळ साडेतीन तासांचा आहे, पण जहाजाची गोष्ट त्याच्या पहिल्या भागातच संपते. तेवढाच भाग पाहून थांबलात तरी या विषयापुरतं काही राहून जाणार नाही.